हरली की जेवत नाही

दुसऱ्याचा खेळाडू उचलायला आलेला माणूस मी मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखते. तो कोणाच्याच बाजूने ओरडत नाही. शाळाशाळांच्या सामन्यांना प्रेक्षक असून असून किती असणार? दोन्हीकडच्या राखीव मुली, चार आया, एखादे आजोबा आणि पाण्याच्या पिंपापाशी उभा असलेला शिपाई. पण सगळे घसा बसेपर्यंत ओरडत असतात. त्यात एकच मेला हाताची घडी घालून गप्प उभा असतो, आणि त्याची मान फक्त एकाच मुलीबरोबर फिरत असते. मला हे इतकं नीट कळतं, कारण गेली सत्तावीस वर्षं मी स्वतः दुसऱ्यांच्या मैदानावर तशीच उभी राहत आलेय.

मी डोंबिवली पूर्वेच्या एका मराठी शाळेत खेळाची बाई आहे. कोणी 'पीटीच्या बाई' म्हटलं की माझं डोकं फिरतं. पीटी म्हणजे हात वर, हात खाली. ते कोणीही करून घेईल. मी खो-खो शिकवते.

आता मराठी शाळेत पोरी मुळात येतात किती! वर्गातल्या बाकांवर जागा राहते, मग मैदानावर बारा जणी कुठून आणायच्या? म्हणून दर वर्षी एप्रिलमध्ये मी आसपासच्या पालिकेच्या शाळांमधून फिरते आणि पोरी शोधते. माझी पद्धत ठरलेली आहे. मी कोणाला पळून दाखव म्हणत नाही, पळतात सगळ्याच. मी त्यांना ओळीने पाठमोऱ्या बसवते आणि हळूच मागे जाऊन एकीच्या पाठीवर थाप मारते. दहातल्या नऊ जणी आधी वळून बघतात, कोण आहे म्हणून. एखादी आधी उठते आणि मग बघते. ती माझी. खो-खोत खो मिळाला की उठायचं असतं, कोणी दिला याची चौकशी करत बसायचं नसतं.

ही पोरगी मला मानपाड्याच्या एका शाळेत अशीच सापडली. पाचवीत होती. एक वेणी सुटलेली, दोन्ही गुडघ्यांवर खपल्या. मी थाप मारली तर ही उठली, सरळ समोरच्या भिंतीपर्यंत पळाली, भिंतीला हात लावला आणि मग तिथून ओरडली, "कुठे जायचंय?"

मी जागच्या जागी हरखले. अगदी खरं सांगते, मला तिला कडेवर घेऊन रिक्षात घालावंसं वाटलं.

तिथे तिचे गुरुजी उभे होते. निवृत्तीला आलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं पुण्याकडच्या माणसांसारखं सावकाश. त्यांनीच तिला शिकवलं होतं, शाळेच्या त्या फरशी घातलेल्या अंगणात. गुडघ्यांवरच्या खपल्या त्या फरशीच्या. त्यांच्याकडे सातवीपर्यंत वर्ग होते, म्हणजे अजून दोन वर्षं ती हक्काने त्यांची होती. मी कसली ऐकतेय! तोंड वर करून म्हटलं, "गुरुजी, ही मला द्या."

ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्याकडे माती आहे?"

"आहे. रोज पाणी मारून घेते."

"मग ठीक," म्हणाले. निकाल लागल्यावर दोन दिवसांत ते स्वतः तिचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आमच्या शाळेत आले. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. विसरले. नवी पोरगी मिळाल्याच्या आनंदात होते.

पुढची तीन वर्षं काय सांगू! खांबाला वळसा घालून पळणाऱ्या मुलीला गाठायचं तर खांब एका हाताने धरून अख्खं अंग झोकून द्यावं लागतं. त्याला आम्ही सूर मारणं म्हणतो. माझ्या बाकीच्या पोरी सूर मारताना डोळे मिटायच्या. ही उघडे ठेवायची. शिवाय तोंड अखंड चालू. "बाई, आज तुम्ही चिडलेल्या दिसताय." अगं कार्टे, मी रोजच चिडलेली असते.

तिची एकच खोड होती. हरली की जेवायची नाही. सामना संपला की बाकीच्या रडून, नाक पुसून वडापाववर तुटून पडायच्या, आणि ही पायरीवर गुडघ्यात मान घालून बसलेली. मग मी तिच्यासमोर माझा डबा उघडून बसायचे. "तू जेवली नाहीस तर मीही जेवणार नाही. मला ॲसिडिटी आहे, पाप तुला लागेल." असं पाच-दहा मिनिटं बडबडल्यावर दोन घास जायचे. मटकीची उसळ असली तर चार. पोरीला मी आतूनबाहेरून ओळखते, याचा मला भारी अभिमान होता.

आठवीत असताना ठाण्याला जिल्ह्याचे सामने झाले आणि तिथे तो माणूस दिसला. निळा ट्रॅकसूट, हाताची घडी, तोंड बंद. मान माझ्या पोरीबरोबर खांबापासून खांबापर्यंत. सामना संपल्यावर तो सरळ माझ्याकडे आला आणि वाकून म्हणाला, "मॅडम, काय घडवलंय हो तुम्ही!" हे वाक्य मला पाठ आहे. हे मीच लोकांना म्हणत आलेय.

तो ठाण्यातल्या एका मोठ्या शाळेचा कोच होता. वय तिशीच्या आत. दोन आठवड्यांनी पोरीच्या आईचा फोन आला. ती पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते, नवरा एमआयडीसीत शिफ्टला. "बाई, ते ठाण्याचे सर रविवारी घरी येतायत. तुम्ही पण या ना. आम्हाला काय कळतंय त्यातलं?"

गेले. काय करणार?

बघते तर घर आवरून लख्ख, पलंगावर नवी चादर आणि गॅसवर कांदेपोहे. पोरगी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये भिंतीला टेकून उभी. मला हसू आवरेना. अहो, चौदा वर्षांची पोर ती, आणि सगळा थाट मुलगी दाखवण्याचा! कोच साहेब खुर्चीच्या टोकावर बसून विचारत होते, "उंची किती? गुडघा कधी दुखावलाय? घरून परवानगी आहे ना?" तिची आई दर प्रश्नाला माझ्याकडे बघायची, आणि मी, मुलीकडची आत्या असल्यासारखी, उत्तरं देत होते. "नाही हो, गुडघा एकदम ठणठणीत." बोलून झाल्यावर जीभ चावली. त्याला हाकलायला आलेली मी, माल खपवत बसले होते!

तो माणूस तयारी करून आलेला. फी नाही, बूट शाळेचे, आणि राहायला लांब पडेल म्हणाल तर, "कळव्याला मावशी असते ना हिची? तिथून आमची शाळा जवळच आहे." मावशीपर्यंत पोचलेला मेला. मग मी मुद्द्याचं विचारलं, "तुमच्याकडे मॅट आहे?"

"आहे मॅडम. बंद हॉलमध्ये."

पुढच्या मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मातीवर वाढलेली पोर मॅटवर पहिल्यांदा उतरली की तिचा पाय फसतो. माझ्या दोन चांगल्या पोरी राज्याच्या निवडीत अशाच मागे पडलेल्या, आणि परतीच्या वाटेवर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. माझ्याकडे राहिली तर हीसुद्धा तिथेच अडकणार, हे मला त्या कोचपेक्षा जास्त कळत होतं.

मी पोरीला विचारलं, "तुला जायचंय?"

"तुम्ही सांगाल तसं, बाई."

मला असली उत्तरं अजिबात आवडत नाहीत. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, पोह्यांवर खोबरं पेरलेलं होतं, आणि मी मोठ्या मनाने म्हटलं, "जा."

मोठं मन त्या खोलीबाहेर पडेपर्यंतच टिकलं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि तिच्या आईने दाखल्यासाठी अर्ज केला. दाखला ठाण्याच्या शाळेत पोचला की तिचं नाव तिथल्या संघात जाणार. नावं द्यायची मुदत संपायच्या आत नाही पोचला, तर ते वर्ष ती तिकडून खेळू शकणार नाही. आणि वर्षभर नुसतं बसायला कोण कशाला जाईल? राहील माझ्याकडेच. हे गणित मी अर्ज येण्याआधीच करून ठेवलं होतं. मी आमच्या क्लार्ककडे गेले. माणूस पंचवीस वर्षं त्याच खुर्चीत. म्हटलं, "तो नववीतला दाखला आहे ना, जरा थांबवा."

त्याने मानही वर केली नाही. "किती थांबवू?"

"थांबवा इतकंच."

दाखला कसा थांबवायचा हे काही त्याला शिकवावं लागत नाही. पहिल्या दिवशी मुख्याध्यापक मीटिंगला गेलेले. दुसऱ्या दिवशी प्रिंटर. तिसऱ्या दिवसापासून दाखल्यांची सरकारी साइट बंद. पोरगी रोज मधल्या सुट्टीत यायची. "बाई, झाला?"

"साइट बंद आहे गं."

"बरं," म्हणायची आणि शाळा सुटल्यावर मैदानावर यायची. आलीच आहे तर म्हणून सहावीतल्या एका चिमुरडीला सूर शिकवायला लागली. त्या चिमुरडीला मी त्याच वर्षी आणलेलं, पाठीवर थाप मारूनच. ती सूर मारताना डोळे मिटायची. ही तिच्यासमोर खांबापाशी उकिडवी बसून ओरडायची, "माझ्याकडे बघ! माझ्या नाकाकडे बघत मार!" मी खुर्ची टाकून बघत बसायचे. तो आठवडा माझा फार सुखात गेला. सांगायला लाज वाटते, पण गेला.

मग गुरुवारी ठाण्याच्या कोचचा फोन. आवाज रडकुंडीला आलेला. "मॅडम, शनिवारी मुदत संपतेय. प्लीज बघा ना."

"बघते," म्हटलं. आणि बघायला गेलेही, पण काय बघायला? तिच्या कागदांत कुठे चूक सापडते का ते. आमच्याकडे शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, जुन्या दाखल्यावर वडिलांच्या नावात एक वेलांटी जरी इकडची तिकडे असली तरी दुरुस्तीच्या नावाखाली महिना काढता येतो. मी कपाटातून तिची फाइल काढली. पालिकेच्या शाळेतून आलेला दाखला वरच होता. हाताने भरलेला, गुरुजींच्या टपोऱ्या अक्षरात. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. आडनाव, गाव, तालुका, सगळं बरोबर. या माणसाने एक काना चुकवला नव्हता. मला रागच आला त्यांचा.

नजर खाली आली. 'शाळा सोडण्याचे कारण.' तिथे सगळे 'पालकांच्या विनंतीवरून' लिहितात. गुरुजींनी लिहिलं होतं, 'मातीच्या मैदानासाठी.' आणि त्याच्या खाली, शेऱ्याच्या रकान्यात, जिथे कोणी काही लिहीत नाही, 'हरली की जेवत नाही. लक्ष असावे.'

मी तिथेच स्टुलावर बसले.

मला सगळं आठवलं. तीन वर्षांपूर्वी हाच कागद मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलेला. सगळ्या हसलेल्या. "सरकारी दाखल्यावर जेवणाचा शेरा!" मीसुद्धा हसलेले. आणि पुढे तीन वर्षं मी समजत होते की पोरीची ही खोड मी ओळखली, माझ्या नजरेने. अहो, कसली डोंबलाची नजर! मला आयतं लिहून दिलेलं होतं. ज्या माणसाकडून मी पोर उचलली, त्याने तिच्याबरोबर तिच्या जेवणाची काळजीही पाठवली होती, दोन दिवसांत, आपल्या पायांनी. आणि मी इथे वेलांटी शोधत होते.

तशीच उठले आणि क्लार्कसमोर उभी राहिले. "आत्ताच्या आत्ता काढा."

"साइट बंद आहे ना?" तो म्हणाला. चेहरा एकदम सरळ.

"भाऊ, जास्त शहाणपणा नको."

प्रिंट निघाली. मी पेन उघडून शेऱ्याच्या रकान्यावर टेकवलं तर त्याने माझा हातच धरला. "बाई! पेनाने काही लिहिलंत तर दाखला बाद होईल. तिथे आपोआप 'निरंक' येतं." खरंच आलं होतं. निरंक. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. तीन वर्षं माझ्या हाताखाली असलेल्या पोरीबद्दल सांगण्यासारखं काही नाही!

दाखला मी कोणाच्या हाती दिला नाही. शुक्रवारी पोरीला घेऊन स्वतःच ठाण्याला निघाले. स्टेशनवरून रिक्षा केली. निम्म्या वाटेत मला राहवेना. म्हटलं, "हे बघ, साइट बंद नव्हती. मी थांबवलेला दाखला."

"माहितीये," ती बाहेर बघत म्हणाली. "क्लार्क काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं."

"अगं मग रोज येऊन विचारत काय होतीस?"

"मला पण कुठे घाई होती, बाई."

मी तिच्या डोक्यात टपली मारली. रिक्षावाला आरशातून बघत होता म्हणून मी त्याच्यावर उगाच खेकसले.

त्यांचा हॉल बघितला. निळी मॅट, स्वच्छ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पोरीने चपला काढून पाय ठेवला आणि टाचेने मॅट दोनदा दाबून बघितली, आंबा पिकलाय का बघतात तशी. मी कोचला बाजूला घेतलं. दाखल्याचं पाकीट दिलं आणि म्हटलं, "एक गोष्ट दाखल्यावर लिहिता येत नाही म्हणून तोंडी सांगते. ही हरली की जेवत नाही. लक्ष असू द्या. मटकीची उसळ असेल तर खाते." तो फोनवर काहीतरी टाइप करत होता. "हो हो मॅडम," म्हणाला. मान वर नाही केली. मी मनातल्या मनात त्याला डोंबिवलीपर्यंत पुरतील एवढ्या शिव्या घातल्या.

आणि त्याच वर्षी जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यात आम्ही समोरासमोर आलो. मैदान मातीचं होतं. नाणेफेकीआधी ती पळत येऊन माझ्या पाया पडली. नव्या शाळेच्या टी-शर्टमध्ये उंच झाल्यासारखी वाटत होती. "नीट खेळ," मी म्हटलं, "आणि आमच्याशी खेळतेयस म्हणून दया दाखवलीस तर थोबाडीन."

दया कसली! आमच्या तिघींना तिने एकटीने बाद केलं. शेवटच्या डावात ती पळत होती, आणि ती उरलेलं मिनिट टिकली असती तर सामना त्यांचा होता. ती खांबाशी आली, वळसा घेतला, आणि माझ्या त्या चिमुरडीने सूर मारला. डोळे सताड उघडे. पोरीच्या पाठीला तिची बोटं लागली. आम्ही एका गुणाने जिंकलो.

माझ्या पोरी एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या. मी जिंकले होते आणि मला धड आनंदही होईना. मी सरळ पिशवीतून डबा काढला आणि मैदान ओलांडून त्यांच्या बाजूला चालू लागले. ती कुठे असणार ते मला माहीत होतं. पायरीवर, गुडघ्यात मान घालून.

होतीच. पण तिच्यासमोर मातीत मांडी घालून तो कोच बसला होता. निळा ट्रॅकसूट सगळा मळलेला. हातात डब्याचं झाकण, झाकणात उसळ. "खा ना गं," म्हणत होता, "तू नाही खाल्लंस तर मी पण नाही खाणार, सांगून ठेवतो." आणि ती रडत रडत, त्याच्याकडे न बघता, एक एक घास घेत होती.

मी दहा पावलांवर थांबले. तिने मला बघितलं नाही. मीही हाक मारली नाही. वळले आणि आमच्या बाजूला येऊन बसले.

ती चिमुरडी धापा टाकत आली. "बाई, आपण जिंकलो ना? मग रडताय काय?"

"गप गं. बस इथे. हात धुतलेस का?"

तिने हात टी-शर्टला पुसले. मी डबा उघडला. मोड आलेल्या मटकीची उसळ होती. पहाटे उठून केलेली, आणि करताना स्वतःला दहादा बजावलेलं की आमच्या पोरींसाठीच करतेय.